दहावी उत्तीर्ण म्हणजे काय उत्तीर्ण?

काही वर्षांपूर्वी जून महिन्यातील एका संध्याकाळी नंदाखालच्या आमच्या घरी शेजारच्या आळीतील एक बाई मुलाची दहावीची गुणपत्रिका घेऊन आल्या. सोबत मुलगा होता, पण तो अंगणातच थांबला. गुणपत्रिकेवर 'कौशल्य विकासास पात्र' असा शेरा होता. बाईंनी कागद पुढे केला आणि विचारले, "सर, हा पास झाला की नापास, तेवढं एकदा सांगा. याचे वडील म्हणतात पात्र लिहिलंय म्हणजे पासच." गणित, विज्ञान आणि इंग्रजी या तिन्ही विषयांत मुलगा गेला होता. प्रस्तुत लेखकाने हे सांगितल्यावर बाईंचा चेहरा उतरला हे खरे. परंतु त्यानंतर त्यांनी जे विचारले त्याचे उत्तर अर्थशास्त्राच्या या अध्यापकाला त्या दिवशी देता आले नाही. त्यांनी विचारले, "मग तसंच का लिहीत नाहीत?"

'नापास' हा शब्द मागील दशकात गुणपत्रिकेवरून हद्दपार झाला. मुलांच्या मनावर आघात होऊ नये हा त्यामागील हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. तथापि शब्द बदलून वस्तुस्थिती बदलत नाही. पुढे २०२४ साली राज्याच्या शालेय शिक्षणाच्या अभ्यासक्रम आराखड्यातील एका सूचनेने मोठे वादळ उठवले, तेव्हा मला त्या बाईंचा प्रश्न पुन्हा आठवला. गणित आणि विज्ञान या विषयांत ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी विद्यार्थ्यास उत्तीर्ण समजावे. मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर, त्याला यापुढे गणित व विज्ञान यांवर आधारित अभ्यासक्रम घेता येणार नाहीत, असा शेरा असावा. ज्याला हा शेरा नको असेल त्याने पुन्हा परीक्षेस बसावे, असा त्या सूचनेचा आशय होता. एका बाजूने 'दर्जा बुडाला' अशी हाकाटी झाली. दुसऱ्या बाजूने 'गणितापायी किती मुलांचे आयुष्य उद्ध्वस्त करावयाचे?' असा सवाल आला. दोन्ही बाजू ज्या तावातावाने बोलत होत्या, त्यावरून महाराष्ट्रात ३५ हा आकडा वेदवाक्य मानला जात असावा असा कोणाही परक्या माणसाचा समज झाला असता.

वस्तुतः तसे नाही. मंडळाच्या नियमांनुसार तिन्ही भाषा मिळून ३०० पैकी १०५ गुण आणि प्रत्येक भाषेत किमान २५, तसेच गणित व विज्ञान मिळून २०० पैकी ७० गुण आणि प्रत्येकात किमान २५, अशी संयुक्त उत्तीर्णतेची सोय आहे. म्हणजे विज्ञानात ४५ मिळवणारा मुलगा गणितात २५ वरही पार पडतो. शिवाय या १०० गुणांतील २० शाळेच्या हातात असतात आणि ते देताना शाळा कृपणपणा करीत नाहीत हे उघड गुपित आहे. तेव्हा ३५ वरून २० वर उडी म्हणजे आकाश कोसळले असे मानण्याचे कारण नव्हते. आक्षेप घ्यावयाचा होता तो आकड्यावर नव्हे, शेऱ्यावर. त्याकडे मी पुढे येतो.

शाळांच्या हातातील या २० गुणांची किमया पाहावयाची असेल तर फार मागे जाण्याची आवश्यकता नाही. २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ साली भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांचे अंतर्गत गुण काढून टाकले गेले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. एवढा गहजब झाला की पुढच्याच वर्षी ते गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. (त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाची परीक्षाच झाली नाही व सरासरीने गुण दिले गेले, हेही नमूद करावयास हवे.) २०२१ साली परीक्षेविनाच ९९.९५ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. २०२४ मध्ये हा आकडा ९५.८१ होता, २०२५ मध्ये ९४.१०. महाराष्ट्रातील मुले २०१९ साली अचानक मठ्ठ झाली आणि २०२० साली तितकीच अचानक हुशार झाली, असे मानावयास कोणी तयार होणार नाही. बदलला तो मोजण्याचा गज.

माझ्या विषयात चलनवाढ नावाचे एक प्रकरण आहे. सरकारला कर वसूल करणे अवघड वाटले की ते नोटा छापते. नोटा वाढतात, वस्तू तेवढ्याच राहतात आणि नोटेची किंमत घसरते. प्रमाणपत्रांचेही असेच होते. मुलांना गणित शिकवणे खर्चाचे आहे. त्यासाठी गणित घेऊन पदवीधर झालेला शिक्षक लागतो, त्याला पूर्ण वेतन द्यावे लागते, वर्गात साठ-सत्तरऐवजी तीस-चाळीस मुले बसवावी लागतात. उत्तीर्णतेची अट खाली आणण्यास मात्र एक परिपत्रक पुरते. त्यामुळे कोणतेही सरकार असो, त्याला दुसरा मार्ग अधिक भावतो. २०१० मध्ये आलेले 'बेस्ट ऑफ फाइव्ह' हे धोरण उच्च न्यायालयात अडले आणि सर्वोच्च न्यायालयात तरले. एक-दोन विषय राहिलेल्यांना अकरावीत तात्पुरता प्रवेश मिळू लागला. ऑक्टोबरची फेरपरीक्षा २०१५ पासून जुलैवर आली. यांतील प्रत्येक निर्णयाच्या बाजूने काही ना काही बोलता येईल, आणि जुलैच्या फेरपरीक्षेने तर हजारो मुलांचे वर्ष वाचवले आहे. परंतु या साऱ्यांत शिकवण्यासंबंधी एक अक्षर नाही.

चलनवाढीत सर्वांत अधिक कोण भरडला जातो? ज्याच्याजवळ सोने-नाणे, जमीनजुमला नाही, केवळ नोटा आहेत तो. प्रमाणपत्रांच्या चलनवाढीतही हाच न्याय आहे. संपन्न घरातील मुलाजवळ शिकवणी, इंग्रजी, ओळखी असे नाना प्रकारचे सोने असते. गरिबाच्या मुलाजवळ कागद तेवढा असतो. त्या कागदाची किंमत घसरली की मालक म्हणतो, दहावी नको, बारावी आणा. उद्या म्हणतो, पदवी आणा. रोनाल्ड डोर या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९७६ साली या रोगाचे निदान 'पदविकेचा आजार' या अर्थाच्या शीर्षकाच्या ग्रंथात करून ठेवले आहे. मायकेल स्पेन्स यांनी त्याआधी १९७३ साली असे दाखवून दिले होते की प्रमाणपत्र पुष्कळदा विद्येचे माप नसून केवळ एक खूण असते. पुढे २००१ मध्ये नोबेल मिळवणाऱ्या तिघांत ते होते.

आता ही खूण आपल्याकडे कोठकोठे लागते ते पाहा. सहाव्या केंद्रीय वेतन आयोगानंतर केंद्र सरकारातील शिपायाच्या पातळीवरील जागांसाठीही दहावी ही किमान अट झाली. आणि वसईच्या माणसाला विशेष जिव्हाळ्याची गोष्ट म्हणजे पारपत्र. १९८३ च्या उत्प्रवासविषयक कायद्याच्या व्यवस्थेत दहावी उत्तीर्ण नसलेल्या सामान्य माणसाच्या पारपत्रावर 'उत्प्रवास तपासणी आवश्यक' अशी नोंद पडते आणि आखाती देशांत कामासाठी जावयाचे तर त्याला वेगळी परवानगी काढावी लागते. आमच्या भागातून आखातात गेलेली माणसे घराघरांत आहेत. माझ्या एका मामेभावाचे गणित तीनदा राहिले. वाडीत पानवेलीच्या मांडवाला किती बांबू लागतील, केळीच्या लोंगराला दलालाने किती कापले, हे तो तोंडी सांगे आणि त्यात कधी चूक होत नसे. पण 'अ वर्ग अधिक ब वर्ग' दिसले की त्याची बोबडी वळे. जोडारी काम उत्तम येत असूनही पारपत्रावरील त्या एका शिक्क्यापायी तो दीड वर्ष एजंटांच्या पायऱ्या झिजवत राहिला. त्याच्या नळजोडणीचा आणि बैजिक राशींचा संबंध काय, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही.

तेव्हा गणितावरून रडणाऱ्या मुलांच्या बाजूने बोलणारे लोक खोटे बोलतात असे मी म्हणणार नाही. २०१७ साली मुंबई उच्च न्यायालयाने, अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांसंबंधीच्या एका याचिकेच्या सुनावणीत, गणित ऐच्छिक करता येईल का, असे विचारले होते. प्रश्न अगदीच रास्त होता.

येथे थोडे इतिहासात जाणे भाग आहे, कारण गणिताची सक्ती ही काही अनादिकालापासून चालत आलेली नाही. महाराष्ट्रात १९७५ पर्यंत अकरावीला एस. एस. सी. होती आणि तीत विषय निवडण्यास बराच वाव असे. बीजगणित-भूमिती न घेता मॅट्रिक झालेल्या स्त्रिया आपल्यापैकी अनेकांच्या घरांत सापडतील. त्यांतील कित्येकींनी उत्तम शिक्षिका म्हणून आणि तार-टपाल खात्यात आयुष्य काढले. हा वाव आक्रसला तो कोठारी आयोगामुळे. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या या आयोगाने दहा वर्षांचे सामान्य शिक्षण सर्वांना एकसारखे असावे आणि त्यात गणित व विज्ञान हे सर्वांना आवश्यक असावेत, असे सांगितले. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूर भागातले. ग्रामीण मुलांच्या शिक्षणासाठी हयात वेचलेला माणूस. त्यांना मुलांना नापास करण्याची हौस नव्हती. विषय निवडण्याची मुभा ठेवली की शहरातील वकिलाचा मुलगा गणित निवडतो आणि खेड्यातील मजुराच्या मुलीला मास्तर सांगतात, 'तुला कशाला गणित, तू शिवण घे', हा धोका आयोगाच्या भूमिकेत ओळखलेला होता. सक्तीमागे समतेचा विचार होता. किंबहुना मुलींच्या बाबतीत या सक्तीने केवढे काम केले, हे आमच्या महाविद्यालयाच्या वाणिज्य शाखेतील बाके पाहिली तरी कळते. आज तेथे मुली मुलांहून अधिक आहेत आणि सांख्यिकीत त्या मागे नाहीत.

मात्र आयोगाच्या विचाराचा अर्धाच भाग आपण उचलला. सर्वांनी शिकावे हा तो विचार होता. आपण त्याचे रूपांतर सर्वांनी एकाच प्रश्नपत्रिकेत, एकाच दिवशी, एकाच आकड्यावर उत्तीर्ण व्हावे असे केले. शिकण्याची सक्ती आणि उत्तीर्ण होण्याची सक्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की परिणाम काय होतो, याचा अनुभव अमेरिकेनेही घेतला आहे. तेथे १९८३ साली 'संकटातील राष्ट्र' या आशयाचा एक अहवाल गाजला. माध्यमिक शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने चार वर्षे इंग्रजी, तीन वर्षे गणित, तीन वर्षे विज्ञान, तीन वर्षे सामाजिक शास्त्रे आणि अर्धे वर्ष संगणक इतके घेतलेच पाहिजे, असे त्यात सुचवले होते. त्यानंतर राज्याराज्यांत अटी वाढवण्याची चढाओढ लागली. शिकागो शहराने १९९७ साली सोपे वर्ग बंद करून सर्वांना बीजगणित सक्तीचे केले. पुढे संशोधकांनी हिशेब मांडला तेव्हा बीजगणिताच्या वर्गात बसणारे वाढले होते, नापास होणारेही वाढले होते, परंतु कसोटीतील गुण आणि महाविद्यालयात जाण्याचे प्रमाण यांत सुधारणा आढळली नाही. कारण उघड होते. वर्गावरची पाटी बदलली. शिकवणारे आणि शिकवणे तेच राहिले. उलट मॅसॅच्युसेट्स या राज्यातील मतदारांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये, शाळा सोडण्यासाठी राज्यस्तरीय परीक्षा उत्तीर्ण होण्याची अटच मतदानाने काढून टाकली. लंबक तेथेही असा झुलतो आहे.

आपल्याकडे आठवीपर्यंत कोणास मागे ठेवावयाचे नाही, असा नियम शिक्षणहक्क कायद्याने २०१० पासून लागू झाला. महाराष्ट्राने डिसेंबर २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली खरी. पण मधल्या काळात चाळणीचे सगळे काम नववीवर येऊन पडले. दहावीचा शंभर टक्के निकाल फलकावर मिरवावयाचा तर कच्ची मुले नववीतच थोपवावी लागतात, किंवा पालकांना बोलावून हळूच सतरा नंबरचा फॉर्म भरण्याचा सल्ला द्यावा लागतो. म्हणजे मुलगा बाहेरून बसतो आणि शाळेचा निकाल निष्कलंक राहतो. शिक्षकबंधूंनी हे वाचून रागावू नये. ज्या संस्थेचे भले-बुरे केवळ एका टक्केवारीवर ठरते, ती संस्था असेच वागणार. दोष त्या टक्केवारीला देव मानणाऱ्या आपणा सर्वांचा आहे.

आणि या साऱ्या उत्तीर्णांना येते काय? 'असर' या पाहणीच्या २०२३ सालच्या अहवालात १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींकडे पाहिले गेले. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण त्यांपैकी ४३.३ टक्क्यांनाच सोडवता आले. पाहणी निवडक जिल्ह्यांतील होती, तिच्यावर सारा भार टाकू नये. परंतु प्रथम वर्ष वाणिज्यच्या वर्गात शेकडेवारी शिकवण्यापासून सुरुवात करणाऱ्या माझ्यासारख्याला तो आकडा परका वाटत नाही. दरसाल दर शेकडा बारा आणि दरमहा दर शेकडा दोन यांत महाग कर्ज कोणते, असे विचारले असता निम्मा वर्ग पहिल्याकडे बोट दाखवतो. ही सारी मुले गणितात उत्तीर्ण आहेत. काहींना साठाहून अधिक गुण आहेत.

जाता जाता एक गाऱ्हाणे. पूर्वी दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात अर्थशास्त्राचे काही धडे असत. २०१८ च्या नव्या पुस्तकात भारत आणि ब्राझील यांची शेजारी शेजारी मांडणी आली आणि अर्थशास्त्र स्वतंत्रपणे उरले नाही. ब्राझीलशी माझे भांडण नाही. पण बँक, कर्ज, विमा यांची तोंडओळख न होता मुले शाळा सोडतात, ही गोष्ट मला बीजगणिताच्या २० गुणांहून अधिक गंभीर वाटते.

मग करावयाचे काय? माझ्या मते गणित दहावीपर्यंत सर्वांनी शिकावे, यात तडजोड नको. परंतु परीक्षा दोन असाव्यात. केंद्रीय माध्यमिक मंडळाने २०२० पासून एकाच अभ्यासक्रमावर 'बेसिक' आणि 'स्टँडर्ड' अशा दोन प्रश्नपत्रिका ठेवल्या आहेत. वर्ग एक, पुस्तक एक, कसोट्या दोन. आपल्या राज्यातही काही वर्षे 'सामान्य गणित' हा पर्याय होता. तो पुढे बंद झाला. त्या पर्यायात दोष होते. अभ्यासक्रमच इतका पातळ होता की तो घेणारा मुलगा नववीपासूनच वेगळ्या वाटेला लागे. तो दोष टाळून, शेकडेवारी, व्याज, क्षेत्रफळ, आलेख वाचणे, भाव काढणे यांवर भर देणारी एक प्रश्नपत्रिका काढणे मंडळाला अवघड नाही. तीत मात्र ३५ वर कोणाला ढकलू नये. जे येणे अत्यावश्यक म्हणून निवडले ते निम्मे तरी आले पाहिजे, असा आग्रह धरण्यास हरकत नाही. २० गुणांत बीजगणित उत्तीर्ण होणाऱ्याला काहीच येत नसते. ५० गुणांत व्यवहारगणित उत्तीर्ण होणाऱ्याला ते आयुष्यभर पुरते.

आणि तो शेरा नको. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या कागदावर 'याला अमुक करता येणार नाही' असे लिहिण्याचा अधिकार मंडळाला कोणी दिला? काय आले ते लिहावे. अकरावीला विज्ञान शाखेत प्रवेश देताना महाविद्यालयाने वरची प्रश्नपत्रिका मागावी, हे योग्य. ती वीस वर्षांचा झाल्यावरही देता यावी, हे त्याहून योग्य. अभावाचा शिक्का त्या कागदावर कायमचा राहील आणि तो कोणाच्या मुलांच्या कागदांवर अधिक दिसेल, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ नको. जातीचा रकाना शाळेच्या दाखल्यावर कसा वाचला जातो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते ठाऊक आहे.

राहिली गोष्ट नोकऱ्यांची. व्यावसायिक वाहन चालवण्याच्या परवान्यासाठी आठवी उत्तीर्ण असण्याची अट केंद्र सरकारने २०१९ साली काढून टाकली, आणि त्यासाठी चालकाला गाडी चालवता येते की नाही, हे नीट तपासण्यावर भर देण्याचे ठरवले. विचार अगदी सरळ आहे. गवंडी, जोडारी, वायरमन, स्वयंपाकी यांच्याबाबत तो का लागू करू नये? त्यांचे पारपत्र त्यांच्या कसबावर ठरावे. दहावीच्या कागदावरील हे नको ते ओझे उतरले, तर त्या परीक्षेला शिक्षणाचे माप होण्यास मोकळीक मिळेल. आज ती एकाच वेळी चाळणी, शिक्का आणि परवाना अशी तिन्ही कामे करते आहे.

त्या संध्याकाळी अंगणात थांबलेला मुलगा जुलैच्या फेरपरीक्षेला बसला. इंग्रजी आणि विज्ञान सुटले, गणित राहिले. महिनाभर तो रोज रात्री वही घेऊन आमच्या ओटीवर येत असे. एके रात्री व्याजाची उदाहरणे चालली असता, वडिलांनी वाडीसाठी घेतलेल्या हातउसन्या रकमेचा हिशेब त्याने मला न विचारता वहीच्या मागल्या पानावर मांडला. उत्तर पाहून तो बराच वेळ गप्प बसला. मग त्याने ते पान फाडून घडी घातली, खिशात ठेवले आणि, "सर, हे पपांना दाखवतो," म्हणून उठून गेला. पुढच्या मार्चमध्ये त्याला गणितात ३८ गुण मिळाले. पपांनी ते कर्ज मात्र त्याआधीच, दिवाळीत, फेडून टाकले होते.